फ्लेचरचा कागदी हल: सांगाडा चांगला, अस्तर उत्तम, मागची बाजू स्वतःच्या हिमतीवर

निकाल आधीच सांगून टाकतो. ज्यांना कागदी जहाजाचा हा संच घ्यायचा की नाही एवढंच ठरवायचंय, त्यांचा वेळ वाचेल. घ्या. पण लेझरने कापलेला सांगाडा मिळतोय म्हणून घेऊ नका. त्याच्या खाली, पाकिटाच्या तळाशी, काहीही न छापलेले जाड कागदाचे चार ताव असतात, त्यांच्यासाठी घ्या. वेष्टनावर त्यांचा साधा उल्लेखही नाही. प्रकाशकाला स्वतःच्या मालातलं सोनं कुठे आहे हे कळलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

संच आहे अमेरिकी नौदलाच्या फ्लेचर वर्गातल्या विनाशिकेचा, १:२०० प्रमाणात. मूळ जहाज सुमारे ११४.८ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद, म्हणजे तुमच्या टेबलावर ५७ सेंटिमीटर लांब आणि ६ सेंटिमीटर रुंद असं सडपातळ अंग येतं. दुसऱ्या महायुद्धात या वर्गाची १७५ जहाजं बांधली गेली. नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत अखंड चालणारा एकच डेक, त्याला पुढे चढत जाणारा बाक, दोन धुराडी आणि एकेका तोफेचे पाच मनोरे. दिसायला साधं जहाज आहे, आणि हल, म्हणजे जहाजाचं बाहेरचं अंग, सुबक करायला शिकायचं तर हेच घ्यावं. मोठ्या बॅटलशिपवर हलच्या चुका झाकायला भरपूर सामान असतं. इथे बाजू उघडी पडते. एवढ्या लांब, अरुंद आणि मोकळ्या बाजूवर काहीही लपत नाही.

प्रकाशकाचं नाव मुद्दाम घेत नाही. ज्या गोष्टीवर मी पुढे कुरकुर करणार आहे ती पूर्ण हल (पाण्याखालच्या भागासकट) असलेल्या बहुतेक संचांत थोड्याफार फरकाने सापडते, मग एकट्यालाच फटके कशाला?

थोडं माझ्याबद्दल, कारण माझे पूर्वग्रह तिथूनच आलेत. मी नोकरीभर पत्र्याच्या डक्टची ड्रॉइंग केली. चौकोनी तोंडातून गोल तोंडात जाणारा तुकडा सपाट पत्र्यावर उलगडून आखायचा, ज्याला आम्ही डेव्हलपमेंट म्हणायचो, ते माझं रोजचं काम. त्यामुळे कागदी जहाजाचा संच हातात आला की मी आधी तोफा बघत नाही, हलचे तुकडे कसे उलगडलेत ते बघतो. आणि पत्र्याच्या माणसाला कागदाची एक अडचण लगेच जाणवते. पत्रा ठोकून त्याला पोट आणता येतं. कागदाला ठोकून काही होत नाही. तो एका दिशेने वाकतो. त्याच जागी दुसऱ्या दिशेने वाकवायला गेलात की सुरकुती पडते नाहीतर फाटतो.

याचं गणित गाउसने १८२७ मध्येच मांडून ठेवलंय. सपाट पृष्ठभाग न ताणता, न चिरता दोन्ही दिशांना वाकलेल्या पृष्ठभागावर बसत नाही. जहाजाचा मधला भाग कागदाला मानवतो, कारण तिथे वाक एकाच दिशेचा असतो: बाजू सरळ खाली येते, तळाकडे वळते, पलीकडून वर जाते. पंचाईत होते दोन्ही टोकांना. नाळेजवळ बाजू वरच्या अंगाला बाहेर फाकते आणि त्याच वेळी पुढे निमुळती होते, म्हणजे खोगिरासारखा वाक. मागच्या बाजूला डेकखालचं अंग गोलाईने बंद होतं आणि खालून तळ उथळ होत वर चढतो, तिथे दोन्ही वाक एकाच अंगाला. या दोन जागा डिझाइनरने कशा सोडवल्या, यावर संचाची लायकी ठरते. मधल्या भागाचं कौतुक कुणी करू नये. तो कुणालाही जमतो.

तरी बहुतेकांची मॉडेलं मधल्या भागातच बिघडलेली दिसतात, कारण तिथे फासळ्या उमटतात. उपाशी जनावराच्या बरगड्या दिसाव्यात तशी प्रत्येक फ्रेम, म्हणजे सांगाड्यातला आडवा आधार, बाहेरून मोजता येते. काही जण म्हणतात, खऱ्या विनाशिकांचा पातळ पत्राही समुद्राचे तडाखे खाऊन फ्रेम्सच्या मधे आत बसतो, मग मॉडेलवर दिसलं तर काय बिघडलं? हिशेब करून बघा. या संचात फ्रेम्समधलं अंतर पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास आहे. दोनशेने गुणलं की साडेपाच मीटर. खऱ्या विनाशिकेच्या फ्रेम्स मीटरभराच्याही आत असतात. आणि कागद मधे ०.३ मिलिमीटर जरी बसला तरी त्या प्रमाणात ती ६ सेंटिमीटरची खळगी झाली. साडेपाच मीटरवर एक अशा खळग्या पडलेलं जहाज गोदीतून बाहेरही पडणार नाही.

आता सांगाडा. १ मिलिमीटरच्या पुठ्ठ्याचा, लेझरने कापलेला. खाचा अचूक आहेत. उभ्या कण्यात फ्रेम सरकवली की ना डुगडुगते, ना दाबावी लागते. सगळ्यांत शहाणपणाचा निर्णय म्हणजे सांगाडा पाणरेषेवर दोन भागांत तोडलाय. पाणरेषेचं पूर्ण लांबीचं सपाट पान मिळतं, त्याच्यावर वरचा अर्धा भाग उभा राहतो, खाली तळाचा अर्धा भाग. वरचा भाग काचेच्या तुकड्यावर ठेवून, वजनं लावून चिकटवला की पिळ पडायला जागाच राहत नाही. ज्या संचांत एकच उभा कणा आणि त्यात ओवलेल्या फ्रेम्स असतात, तिथे गोंद सुकताना सांगाडा हळूच पिरगळतो, आणि पिरगळलेला सांगाडा नंतर कुठल्याही युक्तीने सरळ होत नाही. इथे तो धोका जवळजवळ नाही. दोन भागांच्या सांध्याची चिंता करू नका. पाणरेषेवरचा काळा पट्टा सुटा दिलाय आणि तो शेवटी बरोबर सांध्यावर बसतो. ज्याने हे योजलं त्याने स्वतः मॉडेल करून पाहिलेलं आहे.

लेझरबद्दल मात्र दोन गोष्टी कुणी सांगत नाही. पहिली काजळी. कापलेल्या कडा तपकिरी असतात आणि त्यांची पूड बोटाला लागते, बोटावरून छापील कागदाला लागते. सांगाडा पूर्ण झाल्यावर सगळ्या कडांवरून बारीक काचकागद एकदा फिरवा आणि कोरड्या ब्रशने झटका. त्याच्या आधी छापील ताव टेबलावर काढूही नका. काजळी राहिली तर गोंदाची पकडही कच्ची राहते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. लेझर नेहमी काटकोनात कापतो. जहाजाच्या मधल्या भागात ते चालतं, पण टोकांकडे बाजू तिरकी धावते आणि तिथे फ्रेमची एक कड वर येते, दुसरी आत राहते. वर आलेली कड म्हणजे उद्याची फासळी. नाळेकडच्या आणि मागच्या काही फ्रेम्सच्या कडा उतरत्या घासाव्या लागतात. त्याआधी कडेला पातळ सुपरग्लू पाजा, पुठ्ठा कडक होतो आणि घासताना लव सुटत नाही. घासायची पट्टी लांब हवी, निदान तीन फ्रेम्सना एकदम टेकेल इतकी. बोटाला काचकागद गुंडाळून घासणाऱ्यांना मी दुरून ओळखतो. त्यांचा हल लाटांसारखा असतो.

थोडक्यात, लेझरचा सांगाडा वेळ वाचवतो, हात वाचवतो, चाकूचं पातं वाचवतो. गुळगुळीतपणा तो देत नाही. हाताने कापलेला सांगाडा नीट घासला तर इतकाच चांगला होतो.

गुळगुळीतपणा देतं ते अस्तर. हे चार कोरे ताव ०.२५ मिलिमीटर जाडीचे आहेत. बाहेरच्या छापील कातडीचेच तुकडे, पण वेगळ्या जागी विभागलेले. फ्रेम्सच्या कडांवर आधी हे अस्तर चढवायचं, मग त्याच्यावर छापील कागद. अस्तराचे सांधे फ्रेमच्या कडेवर येतात आणि बाहेरच्या कातडीचे सांधे दोन फ्रेम्सच्या मधोमध. एकाचा सांधा दुसऱ्याच्या सांध्यावर कुठेही पडत नाही, म्हणजे मागची बाजू सोडली तर. पडला असता तर दोन कडा एकावर एक बसून उंचवटा झाला असता आणि तो रंगाखालूनही दिसला असता. विटा रचताना सांधे मोडतात तेच तत्त्व, पण किती संचांत ते पाळलेलं असतं? शोधून बघा.

अस्तराची खरी गंमत अशी की त्याच्यावर काही छापलेलं नाही. त्यामुळे त्याला कसंही वागवता येतं. ते घासा, त्याच्यावर पुट्टी भरा, सुपरग्लू पाजून कडक करा, पुन्हा घासा. छापील कातडीला यातलं काहीही करता येत नाही. एकदा छपाईवर काचकागद लागला की संपलं. मग उरतो एकच मार्ग, सगळं मॉडेल रंगवायचा. रंगवायचंच असेल तर छापील संच कशाला घेतला? म्हणून जो काही उंचसखलपणा मारायचाय तो अस्तराच्या पातळीवर मारायचा. बाहेरचा कागद काही सुधारत नाही, तो फक्त खालच्या गोष्टींची चुगली करतो.

अस्तर चढवताना पांढरा गोंद वापरू नका, निदान मोठ्या पृष्ठभागावर नको. त्यातल्या पाण्याने कागद आधी फुगतो, मग सुकताना आक्रसतो आणि फ्रेम्सच्या मधे ताणून आत बसतो. म्हणजे ज्यासाठी अस्तर लावलं तीच फासळी पुन्हा उमटते. सॉल्व्हंट असलेला गोंद वापरा. खिडक्या उघड्या ठेवा, हे वेगळं सांगायला नको. आणि अस्तर प्रत्येक फ्रेमला घट्ट चिकटवायचा हट्ट सोडा. डेकची कड आणि कण्याची कड पक्की करा, सांधा जिथे येतो त्या फ्रेमवर गोंद लावा, मधे मोकळं सोडा. कागद स्वतःच्या ताठरपणाने जो वाक घेतो तो फ्रेमवर दाबून बसवलेल्या वाकापेक्षा नेहमी सुबक असतो.

चिकटवण्याआधी वाक आणून घ्यायला हवा. तळव्यावर किंवा मऊ रबरी पॅडवर तुकडा ठेवून गोल दांड्याने हलक्या हाताने लाटत न्यायचं, म्हणजे तळाकडची वळण येते. तुकडा जागेवर धरल्यावर न दाबता जवळजवळ बसला पाहिजे. दाबून बसवलेला तुकडा कधीतरी परत उठतोच. इथे कागदाचा धागा कळतो. कागदातले तंतू एका दिशेने जास्त पडलेले असतात आणि त्या दिशेला समांतर अशी वळण सहज येते, आडवी वळण अडते. जहाजाच्या तळाची वळण लांबीला समांतर असते, म्हणून धागाही लांबीच्या दिशेने हवा. अस्तराच्या चारही तावांवर तो बरोबर आहे. छापील तावांपैकी एकावर मात्र जागा वाचवायला हलचे तुकडे आडवे मांडलेत. ते तुकडे लगेच ओळखू येतात. तळाच्या वळणावर ताठ राहतात, हळू न लाटल्यास बारीक घडी पडते आणि घडीवर पाण्याखालच्या भागाचा लाल रंग तडकतो. तुकडे कापायच्या आधी ताव दोन्ही दिशांना हलकेच वाकवून बघा, कुठला हट्टी आहे ते हाताला कळतं.

आता एक हिशेब, ज्यासाठी मी या डिझाइनरला मनातल्या मनात सलाम केला. अस्तर लावलं की अंग जाड होतं. मधल्या भागात बाजू उभी खाली येते, वळून तळ होतो, पलीकडे पुन्हा उभी वर जाते. म्हणजे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत कागद एकूण अर्धं वर्तुळ वळतो. अशा वळणावर जाडी जितकी वाढेल त्याच्या ३.१४ पट परीघ वाढतो, मग छेदाचा आकार कसाही असो. ०.२५ ला ३.१४ ने गुणा, जवळजवळ ०.८ मिलिमीटर. म्हणजे अस्तराचा विचार न करता कातडी आखली असती तर प्रत्येक तुकडा डेकपाशी दोन्ही बाजूंना मिळून ०.८ मिलिमीटर आखूड पडला असता. ज्या संचांत अस्तर हा "ऐच्छिक" तुकडा असतो, तिथे नेमकं हेच होतं. माणूस अस्तर लावतो, मग कातडी पुरत नाही, मग तो स्वतःला दोष देतो. इथे कातडी अस्तर धरूनच आखलेली आहे. मी कॅलिपर लावून तपासलं, पुरते. याचा दुसरा अर्थ असा, की या संचात अस्तर गाळायची सोय नाही. गाळलंत तर कातडी ढिली होईल. आणि अस्तर म्हणून घरातला दुसरा जाड कागद वापरायचा विचारही करू नका, जाडी बदलली की हिशेब बदलला.

अस्तर बसल्यावर त्याच्यावर पातळ सँडिंग सीलर फिरवा, सुकू द्या, लांब पट्टीने घासा. मग खोलीतला दिवा बंद करून टेबललॅम्प हलच्या रेषेत अगदी खाली ठेवा. तिरक्या उजेडात प्रत्येक खळगी सावली टाकते. पेन्सिलने खुणा करा, पातळ पुट्टी, पुन्हा घासणं. या कामाला वेळ द्या. सगळ्या मॉडेलमधला सर्वांत कंटाळवाणा टप्पा आहे, आणि फोटोत नंतर त्याचं श्रेय छपाईला जातं.

काही जण फ्रेम्सच्या मधल्या खणांत फोमचे ठोकळे भरून घासतात. या संचात त्याची गरज नाही, पण करायचंच असेल तर पॉलिस्टायरिन फोमजवळ सॉल्व्हंटचा गोंद नेऊ नका. तो फोम खातो, आत पोकळी होते आणि वरून काहीच कळत नाही. टोकाच्या दोन-तीन खणांत, जिथे फ्रेम्स लहान होत जातात, तिथे बाल्सा या हलक्या लाकडाचे ठोकळे भरणं मात्र मला पटतं.

छापील कातडीबद्दल चांगलं बरंच आहे. रंगसंगती मेझर २२ ची, म्हणजे अमेरिकी नौदलाच्या युद्धकाळातल्या एका रंगयोजनेची. पाणरेषेच्या वर आधी नेव्ही ब्लू, त्याच्या वर हेझ ग्रे, आणि दोन्हींमधली रेषा डेकच्या सर्वांत खालच्या बिंदूच्या उंचीवर, पाण्याला समांतर. डेक पुढे चढत जातो, रेषा मात्र सपाट राहते, त्यामुळे नाळेकडे राखाडी पट्टा रुंद होत जातो. दिसायला फार देखणं. पण हलच्या दृष्टीने ही रेषा म्हणजे परीक्षकच. एखादा तुकडा अर्धा मिलिमीटर वरखाली बसला की रेषेला पायरी पडते. अंगाला कुठे खळगी असेल तर रेषा तिथे लचकते. प्रकाशकाने रेषा प्रत्येक तुकड्यावर अचूक जुळवून छापलीय, मी कडेला कड लावून पाहिलं. म्हणजे चूक झाली तर ती आपलीच.

न आवडलेली गोष्ट म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांच्या छापलेल्या रेषा. फार गडद आहेत. १:२०० वर एवढी ठळक रेषा म्हणजे खऱ्या जहाजावर बोटभर रुंद काळा पट्टा, आणि हेझ ग्रेवर ती अधिकच खुपते. अस्तरावर इतकी मेहनत करून गुळगुळीत केलेल्या अंगावर कुणी स्केचपेनने चौकटी आखाव्यात तसं वाटतं. चवीचा प्रश्न आहे, काहींना आवडेल. मला नाही आवडलं.

कातडी लावायच्या आधी तावांवर मॅट वार्निशचा हलका फवारा द्या, नाहीतर बोटांचा घाम नेव्ही ब्लूवर उमटतो. कापलेल्या पांढऱ्या कडा रंगवायला विसरू नका. गडद निळ्यावर पांढरी कड दोन हातांवरूनही दिसते. ओल्या रंगाने कड फुगते, त्यामुळे रंगीत पेन्सिल किंवा जवळजवळ कोरडा ब्रश.

क्रमाबद्दल पुस्तिकेशी माझं जमत नाही. तिच्यात शब्द जवळजवळ नाहीतच, नुसत्या आकृत्या आणि आकडे, तेही ठीक. पण हलच्या तुकड्यांचे आकडे नाळेपासून मागे वाढत जातात आणि बाण सांगतात की त्याच क्रमाने लावा. मग प्रत्येक तुकड्याची केसभर चूक साठत साठत शेवटी मागच्या बाजूला येऊन पडते, जिथे आधीच सगळ्यांत अवघड वाक आहे. मधल्या तुकड्यापासून सुरुवात करा आणि एक पुढे, एक मागे असे लावत जा. चूक दोन टोकांत वाटली जाते. कुठलाही डक्टवाला हेच सांगेल.

नाळ उत्तम सुटलीय. वरच्या फाकलेल्या भागासाठी डिझाइनरने बाजूच्या तुकड्याला डेकच्या कडेपासून खाली बारीक चिरा दिल्यात. फाकताना त्या चिरा किंचित उघडतात आणि आतून दिलेली पट्टी त्यांना धरून ठेवते. उघडलेल्या फटी केसाएवढ्या असतात, त्याच रंगाची पेन्सिल फिरवली की दिसत नाहीत. नाळेची पुढची धार दोन बाजू घडी करून नाही, तर दोन सुट्या कडा एकमेकींना टेकवून बनते, त्यामुळे ती सुरीसारखी राहते. घडीची नाळ नेहमी बोथट दिसते.

आता मागची बाजू. इथे सगळी हुशारी संपते. डेकखालचा गोल शेवट आणि त्याच्या खालचा वर चढणारा तळ असा दोन्हीकडे वाकलेला भाग फक्त तीन रुंद तुकड्यांत उरकलाय. असा भाग कागदात करायचा तर अरुंद कळ्या हव्यात, पृथ्वीगोलावर कागद चढवताना करतात तशा, टोकाकडे निमुळत्या. तीन रुंद तुकडे तिथे बसणं शक्य नाही. कड डेकला लावली तर मधे फुगा येतो, फुगा दाबला तर कड सुटते. त्यात भर म्हणजे नेमक्या याच जागी अस्तराचे आणि कातडीचे सांधे एकावर एक आलेत, जे बाकी सगळ्या जहाजात टाळलेत. मला वाटतं हा भाग दुसऱ्या माणसाने, किंवा त्याच माणसाने फार घाईत आखलाय.

माझा उपाय असा. मागच्या शेवटच्या दोन फ्रेम्सच्या मधे बाल्सा भरला आणि तो घासून पूर्ण आकार काढला. त्याच्यावर अस्तर लावलंच नाही. अस्तराच्या जाडीइतका आकार मोठा ठेवला, म्हणजे पुढच्या अस्तराशी पायरी पडली नाही. मग बाल्सावर मास्किंग टेप चिकटवून, मध्यरेषेपासून दोन्ही अंगांना कळ्या आखल्या, टेप अलगद सोडवून सपाट कागदावर लावली आणि त्यावरून साचे कापले. छापील तुकड्यांवर हे साचे ठेवून कळ्या कापल्या. रुंद तुकड्यातून अरुंद कळ्या निघताना लाल भाग थोडा कमी पडतो, म्हणून आधी त्या तावाची रंगीत प्रत काढून घ्या. प्रतीचा लाल मूळ लालाशी पूर्ण जुळणार नाही, तर सगळ्याच कळ्या प्रतीतून कापा. फरक पडलाच तर तो एका सरळ रेषेवर पडू दे, तुकड्यातुकड्यांत नको. कळीला लावण्याआधी मागून किंचित ओलसर करून, मऊ पॅडवर गोळ्याच्या टोकाच्या हत्याराने मधोमध घोटलं की कागद थोडंसं पोटही घेतो. कागद ताणत नाही असं मी वर म्हणालो, ते खरंच आहे. पण ओला कागद केसभर तडजोड करतो, आणि अरुंद कळीला केसभरच लागते.

या भागाचे संदर्भ फोटो हवे असतील तर किड या जहाजाचे शोधा. फ्लेचर वर्गातली चार जहाजं संग्रहालयं म्हणून जपली गेली: किड, द सलिव्हन्स, कॅसिन यंग आणि ग्रीक नौदलात गेलेलं वेलोस. त्यांपैकी किडचा मिसिसिपी नदीवरचा धक्का असा बांधलाय की नदी उतरली की जहाज पाळण्यात टेकून कोरडं उभं राहतं. त्यामुळे पाण्याखालचं अंग, दोन्ही पंख्यांचे दांडे, सुकाणू, सगळं उघड्यावर पाहता आलं आणि त्याचे फोटो भरपूर आहेत. संचातल्या तीन तुकड्यांचा आकार आणि खरा आकार शेजारी ठेवला की मला एवढा राग का आला ते कळेल.

बाकी तोफा, टॉर्पेडो नळ्या, डोलकाठी यांबद्दल लिहीत नाही. ठीकठाक आहेत, कुणालाही जमतील. तळाच्या दोन्ही अंगांच्या बिल्ज कील, म्हणजे बाहेर आलेल्या लांब अरुंद पट्ट्या, मात्र एकेरी कागदाच्या दिल्यात, त्या दुहेरी करून कडेला सुपरग्लू पाजा, नाहीतर पहिल्यांदा हातात धरताच दुमडतील.

कुणी घ्यावा? ज्यांनी पाणरेषेपर्यंतची दोनचार जहाजं केलीत आणि आता पूर्ण हल करायचाय, त्यांनी. अगदी पहिलंच मॉडेल असेल तर नको. मागच्या बाजूला अडकाल आणि छंदच सोडाल. ज्यांना छापील मॉडेल रंगवूनच टाकायचं असतं त्यांनी फक्त सांगाडा आणि अस्तर सुटं मिळतं का ते बघावं, कातडीचे पैसे वाया जातील. आणि प्रकाशकाच्या माणसांपैकी कुणी हे वाचत असेल तर पुढच्या आवृत्तीत तीन गोष्टी करा: मागची बाजू कळ्यांत आखा, आडवे मांडलेले तुकडे उभे करा, आणि लाल रंगाचा एक कोरा ताव जास्तीचा घाला. सांध्यांच्या रेषा पुसट करण्याबद्दल काही म्हणत नाही, त्यावर आपलं भांडण होईल.